राज्य कुणावर?

लपाछपी सुरू होण्याआधी पोरं चकतात. तळहात उलटे-सुलटे पडतात, एकेक जण सुटत जातो आणि शेवटी जो उरतो त्याच्यावर राज्य येतं. तेवढ्यात कुणाची तरी चार वर्षांची बहीण ‘मी पण, मी पण’ करत येते. तिला घेतलं नाही तर ती रडत घरी जाणार आणि पाठोपाठ दादालाही घरून हाक येणार. घेतलं आणि तिच्यावर राज्य आलं, तर खेळ तिथंच संपला. तिला वीसपर्यंत मोजताच येत नाही. या पेचावर आपल्याकडच्या मुलांनी फार पूर्वीच तोडगा काढून ठेवलाय. ती लिंबूटिंबू. काही ठिकाणी म्हणतात कच्चं लिंबू. ती धावेल, लपेल, सापडली की किंचाळेल, पण सापडली तरी बाद नाही आणि तिच्यावर राज्य नाही.

मला हा तोडगा फार आवडतो. कुणी मोठ्या माणसानं न सांगता मुलांनी सामावून घेण्याचा नियम बनवला आणि तो अंगणाअंगणांतून पुढच्या पिढीकडे गेला. पण त्यात एक गोम आहे. धाकटी बहीण दोन वर्षांत मोठी होते आणि एका संध्याकाळी स्वतःच जाहीर करते, ‘मी आता लिंबूटिंबू नाही.’ व्हीलचेअरवरचा मुलगा, अडखळत बोलणारी मुलगी, ऊसतोडीला आलेल्या टोळीतला, पालावरून येणारी, वेगळ्याच बोलीत बोलणारा, यांना मात्र ते पद कायमचं चिकटतं. सगळे त्यांच्याशी गोड वागतात. त्यांच्यावर राज्य कधीच येत नाही.

या लेखात आपण एक मुलगी सोबत घेऊन चालू. चौथीत नव्यानं आलेली, दोन्ही कानांना श्रवणयंत्र, उच्चार जरा अस्पष्ट. ती लिंबूटिंबूची पूर्ण गडी कशी होते, वाटेत कुठं अडते आणि मोठ्या माणसांनी नेमका कुठं हात लावायचा, ते बघू.

आधी मैत्रीबद्दल. ‘मित्र’ हा शब्द तीन वर्षांच्या मुलाच्याही तोंडी असतो, पण त्याचा अर्थ ‘आत्ता माझ्या शेजारी वाळूत खेळतोय तो’ इतकाच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सेलमन यांनी मुलांशी बोलून त्यांच्या मैत्रीच्या कल्पनेच्या पायऱ्या मांडल्या. पहिली ही, शेजारी असण्याची. मग साधारण पाच ते नऊच्या दरम्यान ‘माझ्या मनासारखं वागतो तो मित्र’. सात ते बाराच्या दरम्यान देवाणघेवाण येते: मी तुला खोडरबर दिलं, आता तू मला सायकल दे. मनातलं गुपित सांगण्याची मैत्री त्याच्याही पुढं. वयं एकमेकांत मिसळलेली आहेत, कारण मुलं पायऱ्या मोजत मोठी होत नाहीत.

आपल्या कामाची आहे ती तिसरी पायरी, कारण प्राथमिक शाळेची शेवटची दोन-तीन वर्षं तिच्यावरच जातात. कट्टी-बट्टीचा हाच बहर. या वयाच्या प्रत्येक मुलाच्या डोक्यात एक वही असते आणि कुणाचं किती देणं, किती घेणं याचा त्यात चोख हिशेब असतो. मोठ्यांना हे क्षुद्र वाटतं. खरं तर न्याय नावाच्या गोष्टीशी मुलाची ही पहिली झटापट असते. आता ज्याच्यावर राज्य येत नाही, ज्याच्याकडून कुणी काही मागत नाही, त्याचं या वहीत पानच उघडत नाही. म्हणून ‘सगळ्यांशी मैत्रीनं वागा’ हे प्रार्थनेनंतरचं वाक्य चौथीच्या मुलांना पटतं, पण लागू पडत नाही. त्यांच्या लेखी मैत्री हा व्यवहार आहे आणि आपण त्यांना दान करायला सांगत असतो.

दुसरा प्रश्न असा, की वेगळेपण मुलांच्या नजरेत भरतं कधी आणि खुपायला लागतं कधी? या दोन घटना वेगळ्या आहेत आणि त्यांच्यात बरंच अंतर असतं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला कोणत्याही वर्णाचा चेहरा सारखाच. तीन महिन्यांचं होईपर्यंत मात्र ते आपल्या भोवती दिसणाऱ्या चेहऱ्यांसारख्या चेहऱ्यांवर जास्त वेळ नजर ठेवू लागतं. हा पूर्वग्रह नव्हे, सवय. मानसशास्त्रज्ञ कॅथरीन किंझलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पाच वर्षांच्या मुलांना विचारलं, यातला कोण मित्र म्हणून हवा? मुलांनी आपल्यासारखं बोलणारा निवडला. चेहऱ्याच्या वर्णापेक्षाही बोलण्याचा हेल त्यांना जास्त महत्त्वाचा वाटला. हे वाचल्यावर मला पुण्यातल्या वर्गात ‘पानी’ म्हणणारं विदर्भातलं पोर आठवतं. त्याला हसणारी मुलं दुष्ट नसतात. नुकसान मात्र त्याचं होतं. पुढच्या तासाला उत्तर येत असूनही त्याचा हात वर होत नाही.

नजरेत भरलेलं वेगळेपण खुपायला कसं लागतं, याचं उत्तर मानसशास्त्रज्ञ रिबेका बिगलर यांच्या प्रयोगांत सापडतं. प्राथमिक वयाच्या मुलांना वर्गात निळे आणि पिवळे टी-शर्ट दिले. काही वर्गांत शिक्षक त्या रंगांचा रोज वापर करत: निळ्यांनी इथं बसा, पिवळ्यांनी रांग करा, निळ्यांचा फलक हा. काही वर्गांत टी-शर्ट तसेच होते, पण शिक्षक रंगाचा उल्लेखही करत नसत. काही आठवड्यांनी पहिल्या वर्गांतली मुलं आपल्या रंगाच्या मुलांना जास्त चांगलं मानू लागली होती. दुसऱ्या वर्गांत असं काही घडलं नाही. कोणत्याही शिक्षकानं ‘निळे चांगले’ असं म्हटलेलं नव्हतं. रंगाला कामाला लावलं, एवढंच.

आता आपल्या शाळांत कोणकोणते टी-शर्ट आहेत ते मोजून बघा. मुलगे एका रांगेत, मुली दुसऱ्या रांगेत. हुशार मुलांचा पहिला बाक. आडनावांच्या क्रमानं हजेरी, आणि आपल्याकडे आडनाव कायकाय सांगतं हे पोरांना पाचवीच्या आत कळतं. सगळ्यांत ठसठशीत टी-शर्ट म्हणजे ‘आरटीईची मुलं’. आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायदा, २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यानं खासगी विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशवर्गात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. कायद्यानं मुलाला वर्गात आणून बसवलं आणि शिक्षकांच्या खोलीतल्या एका शब्दानं त्याला पुन्हा वेगळं काढलं. फी कोण भरतं हे पहिलीतल्या पोराला माहीत असायचं काहीही कारण नाही. त्याला ते माहीत असतं, म्हणजे ते कुणीतरी मोठ्यानं सांगितलेलं असतं.

मोठी माणसं आणखी एका प्रकारे शिकवतात: गप्प करून. एसटीत समोरच्या काकांना एक पाय नाही हे बघून पोर मोठ्यानं विचारतं, ‘आई, यांचा पाय कुठंय?’ आई त्याचा हात दाबते आणि खिडकीबाहेरची म्हैस दाखवते. पोराला काय कळलं? पाय नसणं ही काहीतरी भयंकर गोष्ट आहे, इतकी की तिच्याबद्दल बोलायचंही नाही. त्याऐवजी ‘काही माणसांना एकच पाय असतो, ते कुबडी घेऊन चालतात’ असं सरळ सांगितलं, तर पोराचा पुढचा प्रश्न बहुतेक कुबडीबद्दल असतो आणि तिसरा म्हशीबद्दल. आपल्या मुलीच्या बाबतीतही पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारणार, ‘तुझ्या कानात काय आहे?’ वर्गशिक्षिकेनं आधीच तिला आणि तिच्या आईला विचारून ठेवावं, की हे कोण सांगणार: ती स्वतः, आई, की बाई. पुष्कळ मुलांना स्वतः सांगायला आवडतं. बॅटरी कुठं बसते, पावसात काय करायचं, शिट्टीसारखा आवाज का येतो, हे सांगताना वर्गातली त्या विषयातली एकमेव तज्ज्ञ तीच असते. पाच मिनिटं पुरतात. सोहळा करू नये.

इथवर आल्यावर बहुतेक शाळांना वाटतं, झालं. आता मुलं एका वर्गात बसली आहेत, आपोआप मिसळतील. हा सर्वांत महागात पडणारा समज. नुसतं जवळ बसवून काय होतं, हे महाराष्ट्राइतकं क्वचितच कुणाला ठाऊक असेल. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या शाळकरी दिवसांबद्दल बाबासाहेबांनी पुढं स्वतः लिहून ठेवलं आहे. वर्ग तोच, शिक्षक तेच, धडा तोच. पण बसायचं कोपऱ्यात, वेगळ्या गोणपाटावर. ते गोणपाट शाळा झाडणाराही शिवत नसे, म्हणून रोज घरी न्यायचं आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचं. तहान लागली तर नळ स्वतः सोडायचा नाही, शिपायानं सोडायचा. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. एका छपराखाली अनेक वर्षं राहूनही माणसं एकमेकांच्या किती दूर राहू शकतात, याचं मोजमाप त्या गोणपाटाएवढं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये पूर्वग्रहांवर एक ग्रंथ लिहिला. जवळ येण्यानं दुरावा कमी होतो, पण त्याला काही अटी आहेत, असं त्यांनी मांडलं. त्या खेळाच्या भाषेत सांगायच्या तर अशा: दोघेही पूर्ण गडी असले पाहिजेत. दोघांना एकच डाव जिंकायचा असला पाहिजे. तो एकमेकांच्या मदतीशिवाय जिंकता येता कामा नये. आणि ज्याच्या हातात शिट्टी आहे त्यानं, म्हणजे शाळेनं, घरानं, कायद्यानं, हे मिसळणं आपल्याला हवं आहे असं उघडपणे दाखवलं पाहिजे. पुढं थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र करून २००६ मध्ये निष्कर्ष काढला. संपर्कानं पूर्वग्रह साधारणपणे कमी होतो, आणि या अटी पाळल्या तर परिणाम आणखी चांगला येतो.

त्याच साताऱ्यात, गोणपाटाच्या त्या दिवसांनंतर पाव शतकाच्या आत, या अटी कुणीतरी ग्रंथ न वाचता अमलात आणल्या होत्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. वेगवेगळ्या जातिधर्मांची मुलं तिथं एकत्र राहत, आळीपाळीनं स्वयंपाक आणि झाडलोट करत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. या वसतिगृहाचं कौतुक आपण समतेच्या भाषणांत करतो, पण त्याची यंत्रणा बघत नाही. भाकरी करायची पाळी प्रत्येकावर येते. ज्याच्या हातची भाकरी जळाली त्याला बाकीचे सगळे मिळून नावं ठेवणार, मग तो कोणत्याही जातीचा असो. दुसऱ्या दिवशी नावं ठेवणाऱ्याची पाळी. पाळी म्हणजेच राज्य.

अलीकडचे दोन भारतीय अभ्यास या यंत्रणेचे दोन स्क्रू उघडून दाखवतात. पहिला दिल्लीचा. तिथं २००७ पासून अनेक खासगी शाळांना गरीब घरांतल्या मुलांसाठी जागा ठेवाव्या लागल्या. त्यामुळे धाकट्या वर्गांत गरीब सोबती आले, आणि त्याच शाळेच्या मोठ्या वर्गांत नव्हते. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी या फरकाचा उपयोग केला. त्यांनी रिले शर्यत ठेवली, जिंकणाऱ्यांना पैशांचं बक्षीस, आणि जोडीदार आपला आपण निवडायचा: वेगानं पळणारा गरीब मुलगा, की हळू पळणारा श्रीमंत? ज्यांच्या वर्गात गरीब सोबती होते, त्या सुखवस्तू मुलांनी असा भेदभाव कमी केला. ती इतर बाबतींतही जास्त उदार निघाली. गणित आणि हिंदीच्या गुणांवर परिणाम दिसला नाही. इंग्रजीत थोडी घसरण दिसली, हेही सांगायला हवं, कारण पालक तेच आधी विचारतात. पण मला यातला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक बारकावा. काही शाळांत अभ्यासगट नावांच्या आद्याक्षरांच्या क्रमानं पाडले जात. म्हणजे कुणाच्या गटात कोण येणार हे केवळ नावाच्या पहिल्या अक्षरावर ठरत होतं. बदलाचा बराचसा भाग घडला तो या गटात एकत्र अभ्यास केल्यामुळे. वर्ग एक असून भागत नाही, गट एक असावा लागतो.

दुसरा अभ्यास उत्तर प्रदेशातला, मुलांचा नव्हे तर तरुणांचा, पण मुद्दा चटकन डोळ्यांत भरतो म्हणून सांगतो. अर्थशास्त्रज्ञ मॅट लो यांनी २०१७ मध्ये निरनिराळ्या जातींच्या १,२६१ जणांना घेऊन प्रयोग केला आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या क्रिकेटच्या स्पर्धा भरवल्या. कुणाच्या संघात मिश्र जाती, कुणाच्या संघात एकच. एका संघातून खेळलेल्यांच्या परजातीतल्या मैत्र्या वाढल्या. विरुद्ध संघातल्या परजातीशी खेळून तसं झालं नाही, उलट अंतर थोडं वाढलंच. आंतरशालेय स्पर्धेत आश्रमशाळेचा संघ बोलावून, त्याच्याशी कबड्डी खेळून ‘मुलांना विविधतेचा अनुभव’ देणाऱ्यांनी यावर थोडा विचार करावा.

आता वर्गात येऊ. एकमेकांवाचून अडेल असं काम वर्गात कसं तयार करायचं? १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात शाळांतली वर्णानुसार असलेली विभागणी नुकतीच मोडली होती आणि वर्गांत मारामाऱ्या चालल्या होत्या. मानसशास्त्रज्ञ इलियट ॲरन्सन आणि त्यांचे विद्यार्थी तिथं गेले. त्यांना दिसलं की, मुलं एका वर्गात आली आहेत खरी, पण वर्ग म्हणजे बाईंची शाबासकी मिळवण्याची शर्यत आहे. विरुद्ध संघ! त्यांनी धडाच कापला. ही पद्धत आता जिगसॉ म्हणून ओळखली जाते.

आपल्या चौथीत ती अशी चालेल. कर्मवीरांच्या चरित्राचा पाठ आहे असं समजा. बाई त्याचे सहा तुकडे करतात: बालपण, संस्थेची सुरुवात, वसतिगृह, कमवा आणि शिका, घरच्यांचा वाटा, पुढचा विस्तार. वर्गाचे सहा-सहांचे गट. गट बाई पाडतात, मुलं नव्हे. आणि त्यात मुलगे-मुली, जलद-सावकाश वाचणारे, जुने-नवे मिसळलेले. प्रत्येकाला एकच तुकडा मिळतो, बाकीचे पाच त्यानं बघायचेही नाहीत. दहा मिनिटं आपापला तुकडा वाचायचा. मग प्रत्येक गटातला ‘वसतिगृह’वाला उठून बाकीच्या गटांतल्या ‘वसतिगृह’वाल्यांना जाऊन मिळतो. हे सगळे एकत्र बसून ठरवतात, यातलं महत्त्वाचं काय, कसं सांगायचं. ही पायरी वेळ वाचवण्यासाठी गाळली जाते, आणि तिथंच घोटाळा होतो. जिला बोलायचं भय वाटतं तिला हीच तर तालीम आहे. तिथून सगळे आपापल्या मूळ गटात परततात आणि आळीपाळीनं आपला तुकडा बाकीच्या पाचांना शिकवतात. शेवटी छोटी चाचणी, पूर्ण पाठावर, गुण ज्याचे त्याला.

आपल्या मुलीकडे ‘वसतिगृह’ आलं आहे. पहिल्या दिवशी ती दोन वाक्यं बोलते, उच्चार नीट लागत नाहीत, एक जण हसतो, दुसरा खिडकीबाहेर बघतो. इथं बाईंनी तिची बाजू घेऊ नये. ‘तिला समजून घ्या रे’ म्हटलं की ती झाली लिंबूटिंबू. बाईंनी फक्त परिस्थिती सांगायची: तिचा तुकडा तुम्हाला दुसरीकडे कुठं मिळणार नाही आणि वीस मिनिटांनी चाचणी आहे. ऑस्टिनमध्येही असंच घडलं होतं. घरी स्पॅनिश बोलणारा एक मुलगा इंग्रजीत अडखळत होता, सोबती चिडवत होते. त्यांना एवढंच सांगण्यात आलं, आणि काही दिवसांत ते त्याला चांगले, नेमके प्रश्न विचारायला शिकले. आपल्या गटालाही हळूहळू उमगतं की तिच्याशी बोलताना तोंड तिच्याकडे हवं, दोघांनी एकदम बोलायचं नाही आणि ‘काय?’ असं ओरडण्यापेक्षा ‘पंगत म्हणालीस का?’ असं विचारलं की काम लवकर होतं. हे सहानुभूतीतून येत नाही, गरजेतून येतं. सहानुभूती आली तर मागून येईल.

पद्धत फसते ती दोन ठिकाणी. एक, बाई दयेपोटी तिला सर्वांत छोटा, बिनमहत्त्वाचा तुकडा देतात. मुलांना तो वजन केल्यासारखा कळतो. दोन, एकदा करून सोडून देतात. पहिला आठवडा जवळजवळ नेहमी वाईट जातो. आठवड्यातून दोनदा, निदान दोन महिने, हे कमीत कमी.

वर्गाबाहेर मधल्या सुट्टीत बाईंचं राज्य नसतं. शिकागोतल्या बालवाडी शिक्षिका व्हिव्हियन पेली यांनी तिथंही एक नियम लावून पाहिला: खेळायला घेणार नाही, असं कुणी कुणाला म्हणायचं नाही. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९९२ मध्ये आलं. मोठ्या वर्गांतल्या मुलांनी त्यांना सांगितलं, नियम न्याय्य आहे पण चालायचा नाही. बालवाडीतल्यांनी मात्र तो कुरकुर करत आपलासा केला. हा नियम दार उघडतो, पण आत आलेल्याला डाव मिळेल याची हमी देत नाही. ती हमी नियम बदलण्यात आहे आणि नियम बदलण्यात मुलांचा हात धरणारं कुणी नाही. बोळात खेळायचंय? एक टप्पा आउट. जोशीकाकूंच्या गॅलरीत गेला? आउट, आणि बॉल त्यानंच आणायचा. भिडू विषम? एक जण दोन्हीकडून. जागा जशी असेल तसा खेळ वळवायचा हे गल्ली क्रिकेटचं मूळ तत्त्वच आहे. १९२२ मध्ये मेलबर्नमधल्या अंध कामगारांनी पत्र्याच्या डब्यात खडे घालून चेंडू केला आणि त्यातून अंधांचं क्रिकेट उभं राहिलं. तो चेंडू आपल्या कोणत्याही गल्लीत शोधला गेला असता.

म्हणून सुट्टीत बाईंनी मुलांना उत्तर देऊ नये, प्रश्न द्यावा. लपाछपीत राज्य घेणारी भिंतीकडे तोंड करून उभी असते आणि लांबून ‘ये’ असा आवाज आला की शोधायला निघते. या मुलीला लांबचा आवाज येत नाही. मग काय करायचं? पोरं दोन मिनिटांत सांगतात: सगळ्यांनीच पन्नासपर्यंत मोजायचं, हाक नाहीच. धप्प्याला तर काही करावंच लागत नाही, तो पाठीवरच बसतो. नियम तिच्यापुरता न बदलता सगळ्यांसाठी बदलला, यात खरी हुशारी आहे. तिच्यापुरता बदलला असता तर तो दया झाला असता, सगळ्यांसाठी बदलला म्हणून तो खेळ राहिला.

एका चुकीबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण ती चांगली माणसंच करतात. बाई वर्गातली सर्वांत समजूतदार मुलगी निवडतात आणि सांगतात, ‘तू हिची मैत्रीण. हिला सांभाळ.’ समजूतदार मुलगी इमानानं सांभाळते. वही दाखवते, डब्याची पिशवी उचलते, कुणी बोललं तर उत्तरही तीच देते. वर्षअखेर ती थकलेली असते आणि हिला दुसरी एकही मैत्रीण झालेली नसते. डोक्यातल्या त्या वहीत सगळं देणं एकीकडचं, घेणं दुसरीकडचं. चौथीच्या हिशेबात असलं खातं टिकत नाही. मदत लागतेच, पण ती फिरती असावी, आणि तिच्याकडून वर्गाला काहीतरी हवं असावं. ती उत्तम चित्रं काढते का? कॅरम? गणित? वर्गात कुणालाच माहीत नसेल, तर ते शोधणं हे पहिल्या महिन्याचं काम.

स्वमग्न मुलांबाबत याला एक जोड. ती डोळ्यांत बघत नाहीत, खेळात येत नाहीत, म्हणून त्यांना मैत्री नकोच असं आपण ठरवून टाकतो. ब्रिटिश संशोधक डेमियन मिल्टन, जे स्वतः स्वमग्न आहेत, त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं; आपल्यालाही त्यांची भाषा कळत नसते. दोन मुलं शेजारी बसून, एकमेकांकडे न बघता, तासभर बाटल्यांची झाकणं रंगांनुसार लावत असतील, तर तीही गट्टीच. त्यांना गळ्यात गळा घालायला लावू नये.

कायदा या सगळ्याला पाठबळ देतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि समावेशक शिक्षण ही शाळेची जबाबदारी ठरवली. रॅम्प, विशेष शिक्षक, सवलती यांसाठी भांडावंच लागतं आणि भांडावं. पण वाढदिवसाला कुणाला बोलवायचं हे कायद्यात नाही. ते घरी ठरतं. यादी करताना मूल एखादं नाव सांगतं आणि आई नुसतं विचारते, ‘ती कुठं राहते?’ तेवढं पुरतं. बोलावलंच, तर तिच्या आईला एक फोन करून विचारावं, गोंगाट चालेल ना, काही लागेल का. आणि मग तिला बाकीच्यांसारखं पोरांत सोडून द्यावं.

आता शेवटची खूण, जी बहुतेक मोठ्यांना धोक्याची वाटते. चार-पाच महिन्यांनी एका दुपारी तीन मुली तणतणत बाईंकडे येतात. ‘बाई, ही रडीचा डाव खेळते! धप्पा बसला तरी नाही म्हणते!’ मागून ही, घामाघूम, एका कानातलं यंत्र सावरत: ‘दप्तराला लागला! पाठीला नाही!’ बाईंच्या जिभेवर वाक्य आलेलं असतं, ‘जाऊ दे गं, तिला ऐकू येत नाही ना.’ ते त्यांनी गिळावं. चार महिन्यांची कमाई त्या एका वाक्यात जाईल. विचारायचं इतकंच: ‘दप्तराला लागलेला धरायचा की नाही, तुमचं काय ठरलं होतं?’

काहीच ठरलं नव्हतं. मग वाद होतो, कट्टी होते, करंगळ्या पुढं येतात. डबे वेगवेगळ्या बाकांवर खाल्ले जातात. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दप्तरं आधीच ओट्यावर ठेवली जातात, पोरं चकतात, एकेक जण सुटतो आणि उरते ही. भिंतीला कपाळ टेकून ती मोठ्यानं आकडे म्हणायला लागते. सदतीसनंतर एकदम बेचाळीस.

पाण्याच्या टाकीमागून आवाज येतो, ‘ए, नीट मोज!’

तिला तो ऐकू गेला की नाही, ते तिचं तिलाच ठाऊक. ती पन्नास म्हणते आणि वळते.